'गर्लफ्रेंड' (२००४): राग तान्या खलनायिका असल्याचा नाही, सपनाला गप्प बसवल्याचा आहे

मृण्मयी_प

करण राझदान यांचा 'गर्लफ्रेंड' ११ जून २००४ ला लागला आणि त्यावर इतका गदारोळ झाला की सिनेमा म्हणून त्याच्याकडे नीट कुणी पाहिलंच नाही. संस्कृती बुडाली म्हणणारे एकीकडे, बदनामी झाली म्हणणारे दुसरीकडे. मी दुसऱ्या बाजूची. पण नुसतं 'बदनामी' म्हणून भागत नाही, नेमकं काय चुकलंय ते सांगायला हवं, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा. शेवटही सांगते आहे, तेव्हा जपून. तान्या (ईशा कोप्पीकर) आणि सपना (अमृता अरोरा) एका घरात राहणाऱ्या जिवलग मैत्रिणी. तान्या पैशांसाठी किकबॉक्सिंगच्या झुंजी खेळते. ती बाहेरगावी गेलेली असताना सपनाला राहुल (आशिष चौधरी) भेटतो आणि दोघं प्रेमात पडतात. तान्या परत येते ती या धक्क्यात. आधी टोमणे, मग कारस्थानं, मग थेट जिवावर उठणं, आणि शेवटी तिचाच उंचावरून पडून मृत्यू. मधे आपल्याला कळतं की पूर्वी एका रात्री दारूच्या नशेत दोघींचा शरीरसंबंध आला होता. सपना म्हणते ती चूक होती. तान्याचं सगळं जगणं मात्र त्या रात्रीभोवती उभं आहे.

झपाटलेपणावरच्या थरारपटाला याहून चांगली सुरुवात कोणती हवी? एकच घटना, दोघींना वेगळी आठवते. इथून किती दूर जाता आलं असतं! पटकथा मात्र लगेच कारण शोधायला पळते. तान्यावर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेत, म्हणून तिला पुरुषांचा तिटकारा, म्हणून ती लेस्बियन, म्हणून ती हिंसक. चार गोष्टी एका दोरीत ओवून दिल्या की प्रेक्षकाला विचार करायचं कामच उरत नाही. अत्याचार सोसलेल्या बायकांवरही हा अन्यायच आहे, त्याबद्दल फार कुणी बोललं नाही.

दुसरा राग कॅमेऱ्यावर. पटकथा ज्या रात्रीला चूक म्हणते, ती रात्र चित्रित करताना दिग्दर्शकाला अजिबात संकोच नाही. सिनेमाची हवाही त्याच दृश्याच्या जोरावर झाली. म्हणजे दोघींना एकत्र बघायचा आनंद प्रेक्षकाने घ्यायचा आणि मग तान्याला शिक्षा होताना बघून सोवळं नेसून घरी जायचं.

पण मला सगळ्यात जास्त खुपते ती सपना. त्या रात्री तिला काय वाटलं? नुसती नशा होती? कुतूहल? प्रेम होतं आणि भीती वाटली? तिला तान्याच्या लक्ष देण्याची सवय झाली होती का, ते आवडत होतं का? सिनेमात याला एका वाक्याचं उत्तर मिळतं आणि दार बंद. राहुल आला की गोष्ट त्याची होते. तोच संशय घेणार, तोच शोध लावणार, तोच वाचवणार. सपना म्हणजे दोघांनी आपापल्या बाजूला ओढायची वस्तू. ज्या बाईमुळे हे सगळं घडतंय तिलाच आत काही नाही, मग थरार येणार कुठून?

ईशा कोप्पीकरने मात्र जीव ओतलाय. शरीराची ती ताठर ठेवण, हसता हसता थांबणं, हे तिने कमावलेलं दिसतं. तिला लिहिलेलं पात्र मिळालं असतं तर आज आपण वेगळं बोलत असतो.

तुम्हाला काय वाटतं?

---

जुना_गोरेगावकर

तेव्हाच्या वातावरणाबद्दल थोडं लिहितो, कारण इथल्या बऱ्याच जणांचं तेव्हा शाळेचं वय असेल.

'गर्लफ्रेंड'च्या आधी सहा वर्षं 'फायर' झाला होता. दीपा मेहतांचा सिनेमा, शबाना आझमी आणि नंदिता दास, दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट. सेन्सॉरने पास केला होता, थिएटरात चालतही होता. २ डिसेंबर १९९८ ला आमच्या गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्या घुसल्या आणि तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलवर तेच. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तोडफोड करणाऱ्यांचं जाहीर अभिनंदन केलं होतं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सिनेमा परत सेन्सॉरकडे गेला, परत पास झाला आणि १९९९ च्या सुरुवातीला पुन्हा लागला.

'फायर'च्या वेळी एक मोठी गोष्ट घडली. दिल्लीत रीगलबाहेर लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहिले आणि त्यात 'भारतीय आणि लेस्बियन' असे फलक होते. रस्त्यावर उभं राहून हे म्हणणं तोवर आपल्याकडे जवळपास कुणी पाहिलंच नव्हतं. मुंबईत 'स्त्री संगम' हा गट (पुढे त्याचं नाव लाबिया झालं) १९९५ पासून काम करत होता, पण सर्वसामान्य माणसाला त्याचा पत्ताही नव्हता.

२००४ मध्ये मोडतोड करणारे तेच होते, पण या वेळी सिनेमाच्या बाजूने उभं राहावं असं लेस्बियन गटांनाही वाटेना. 'फायर'साठी ज्यांनी थंडीत रात्र काढली तेच आता म्हणत होते की हा सिनेमा आमच्याबद्दल विष पेरतोय. थिएटर फोडणाऱ्यांना विरोध आणि सिनेमालाही विरोध, असं दुहेरी बोलणं त्यांच्यावर आलं. टीव्हीवरच्या चर्चेत एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. आणि हे सगळं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जिवंत असताना. त्याविरुद्धची २००१ ची याचिका तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात प्रलंबित होती.

---

केदार_इन

धागा चांगला आहे, पण मला एक कळत नाही. खलनायक कोणीतरी असणारच ना? 'डर'मध्ये (१९९३) शाहरुखने काय केलं? मुलीचा पाठलाग, फोन, नवऱ्यावर हल्ला. 'प्यार तूने क्या किया'मध्ये उर्मिला तशीच. तेव्हा कुणी म्हटलं नाही की पुरुषांची किंवा बायकांची बदनामी झाली. मग लेस्बियन पात्राने वेडेपणा केला की लगेच समाजाचा प्रश्न का होतो? थरारपट आहे, थरारपट म्हणून बघा. बाईवर प्रेम करणारी बाई नेहमी सोशिक आणि सज्जनच दाखवायची का?

---

मृण्मयी_प

केदार, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. सज्जन नकोच आहे.

पण 'डर'चं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं बघा. १९९३ मध्ये 'डर' पाहून बाहेर आलेल्या माणसाच्या डोक्यात मुलीवर प्रेम करणारे हजारो नायक आधीपासून होते. त्याच सिनेमात सनी देओल आहेच. तेव्हा शाहरुखचा राहुल मेहरा हा एक बिघडलेला माणूस ठरतो, प्रेम करणारे सगळे पुरुष तसे ठरत नाहीत. २००४ मध्ये सांगली-जळगावच्या प्रेक्षकाने पडद्यावर उघडपणे लेस्बियन म्हणवणाऱ्या किती बायका पाहिल्या होत्या? 'फायर' बऱ्याच गावांत पोचलाच नाही. पोचली ती तान्या, तीही पोस्टरसकट. म्हणजे लाखो लोकांची पहिली ओळखच ही.

अजून एक. 'डर'मध्ये शाहरुखच्या वेडाचं कारण 'त्याला बायका आवडतात' असं कुणी सांगत नाही. कारण त्याच्या एकटेपणात आहे, मेलेल्या आईशी फोनवर बोलण्यात आहे. 'गर्लफ्रेंड'मध्ये तान्याला बायका आवडणं हाच आजार आणि खून हे त्याचं लक्षण. माझी तक्रार या कार्यकारणभावाबद्दल आहे, खलनायकीबद्दल नाही.

---

पश्चिमवारा

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मी लेस्बियन आहे. मूळची सांगली जिल्ह्यातली, आता माझ्या जोडीदारिणीबरोबर पुण्यात राहते. इथे हे पहिल्यांदाच लिहिते आहे, धाग्याचा सूर बघून धीर आला.

'गर्लफ्रेंड' मी होस्टेलवर पाहिला. कुणीतरी सीडी आणली होती, खोलीत दहा-बारा मुली, दिवे बंद. त्या दृश्याला सगळ्या खिदळत होत्या आणि मी माझा चेहरा दिसू नये म्हणून भिंतीला टेकून मागे बसले होते. सिनेमा संपल्यावर एकजण म्हणाली, "बाई गं, असल्या मुली खरंच असतात?" दुसरी म्हणाली, "असतात, म्हणून तर रूममेट बघून घ्यावी." पुढचे काही महिने दोन मुली जरा जास्त बरोबर दिसल्या की त्यांना 'तान्या-सपना' म्हणायची पद्धत पडली. माझी जी मैत्रीण होती तिने माझ्याबरोबर मेसला यायचं बंद केलं. तिला दोष देत नाही, आम्ही दोघी घाबरलो होतो.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. तान्याचा मत्सर मला खोटा वाटला नाही. त्या मैत्रिणीला घरून स्थळं सांगून यायला लागली तेव्हा मी काय काय नाही केलं? तिच्या फोनवरच्या आवाजात फरक पडला की मला पलंगावर बसल्या बसल्या कळायचं. घरच्यांशी बोलताना ती एका सुरात बोलायची, त्या मुलाशी बोलायला लागली तेव्हा 'हो का' म्हणताना शेवटी जरासं लांबवायची. ते 'हो का' मला अजून ऐकू येतं. मी तिची चिठ्ठी लपवली आहे, भांडले आहे, उपास केले आहेत. यावर थरारपट निघू शकतो आणि निघावा, मला त्यात अपमान वाटणार नाही.

पण सिनेमातला राहुल आणि आमच्याकडचा राहुल यांत फरक आहे. आमच्याकडे तो प्रेमात पडून येत नाही. तो बायोडेटा घेऊन येतो, बरोबर मामा आणि आत्या असतात, आणि मुलीला कुणी विचारत नाही. तिचं लग्न ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंत एक उन्हाळासुद्धा गेला नाही. मी लग्नात तिची करवली होते. त्या मुलामागे सगळं घर, सगळी भावकी, आणि माझ्यामागे कोण? या असमान लढाईत एखादी तान्या काय करेल, हा प्रश्न कुणी लिहिला असता तर अंगावर काटा आला असता. केरळमधून जोडीने आत्महत्या केलेल्या मुलींच्या बातम्या वर्षानुवर्षं येत होत्या. तिथे 'सहयात्रिका' नावाचा गट त्यावरच काम करत उभा राहिला. हिंसा आहे, पण ती बहुतेक वेळा या मुलींच्या स्वतःच्याच अंगावर उलटते. सिनेमाने बरोबर उलटं चित्र दाखवलं.

मृण्मयी, सपनाबद्दल तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. मला आयुष्यभर पडलेला प्रश्न तोच आहे. तिला काय वाटलं होतं?

---

नाट्यवेडा

पश्चिमवारा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

मराठी वाचकांच्या धाग्यावर 'मित्राची गोष्ट'चा उल्लेख नाही हे बरं दिसत नाही. तेंडुलकरांचं नाटक, १९८१ ला रंगभूमीवर आलं, मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातलं पुण्यातलं कॉलेज. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा नमा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडते. मधे मान्या दळवी आहे. आणि ही सगळी गोष्ट सांगतो बापू, जो स्वतः मित्राकडे ओढला गेलेला आहे.

म्हणजे सांगाडा बघा: एक झपाटलेली बाई, एक चंचल बाई, एक पुरुष स्पर्धक, शेवटी मृत्यू. 'गर्लफ्रेंड'चाच सांगाडा, तेवीस वर्षं आधीचा. आणि मित्रा काही गोड नाही. ती हुकूम सोडते, बापूला वापरते, नमावर मालकी गाजवू बघते. तरी नाटक बघताना तिची किळस येत नाही, तिच्यासाठी जीव तुटतो. का? तेंडुलकर तिच्या असण्याचं कारण देत नाहीत. लहानपणी अमुक झालं म्हणून ती अशी, हे त्यांनी लिहिलंच नाही. ती अशी आहे आणि भोवतालचं जग तिला जागा देत नाही, एवढंच. आणि सांगणारा बापू सर्वज्ञ नाही. त्याला मित्रा पूर्ण कळत नाही आणि तो तसं कबूल करतो.

आत्महत्येचा शेवट आजच्या नजरेने मलाही खटकतो. चार दशकांनी तोच शेवट परत परत लिहिला जातोय म्हणून जास्त खटकतो. पण १९८१ मध्ये मराठी मध्यमवर्गासमोर हे नाटक उभं केलं गेलं, याला छातीच लागते. पुढच्याच वर्षी 'उंबरठा'मध्येही आश्रमातल्या दोघींचं नातं उघडकीला येण्याचा प्रसंग होता. म्हणजे आपल्याकडे २००४ पर्यंत काही नव्हतंच असं नाही. हिंदी निर्मात्यांनी शेजारी बघितलं नाही.

---

केदार_इन

पश्चिमवारा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

माझा प्रश्न तरीही तसाच आहे आणि आता जास्त खरेपणाने विचारतो. झपाटलेली, घातक अशी लेस्बियन व्यक्तिरेखा चांगली लिहिलेली कुठे आहे? की ते होऊच शकत नाही?

---

कात्री_आणि_पट्टी

होऊ शकतं. मी संकलनाचं काम करतो, म्हणून त्या बाजूने सांगतो.

'नोट्स ऑन अ स्कँडल' (२००६) बघा. ज्युडी डेंच आणि केट ब्लँचेट. बार्बरा ही एकाकी, निवृत्तीला आलेली शिक्षिका नव्या तरुण सहकारिणीच्या मागे लागते, तिचं गुपित हाताशी धरते आणि तिला बांधून ठेवते. विखारी बाई आहे. पण सगळी गोष्ट तिच्या डायरीतून येते. तिच्या डोक्यात बसून आपण बघतो, तिच्या बोचऱ्या वाक्यांना हसतो आणि मग लक्षात येतं की आपणही तिच्या कटात सामील झालो. काही समीक्षकांनी तिथेही विकृत लेस्बियनचा जुना साचा आहे असं म्हटलं, आणि त्यात तथ्य आहे. पण ती माणूस आहे. आंघोळीच्या टबात बसून ती एकाकीपणाबद्दल बोलते, की बसच्या कंडक्टरचा हात चुकून लागला तरी आत काय होतं. त्या एका प्रसंगाने पात्र उभं राहतं.

झपाटलेपणाच्या थरारपटात प्रेक्षकाला कुठे बसवायचं हा पहिला निर्णय असतो. 'गर्लफ्रेंड' आपल्याला आधी तान्याजवळ बसवतो, मग राहुल आल्यावर उचलून त्याच्याजवळ नेतो. त्या क्षणापासून तान्या बाहेरून दिसणारा धोका होते. आता काय करणार एवढंच कुतूहल उरतं, तिला काय होतंय हे नाही. संकलनाच्या टेबलावर हे दुरुस्त होत नाही, कारण कापून जोडायला तिच्या बाजूचं चित्रीकरणच नसतं.

आणि हा साचा आपला नाही, आयात आहे. हॉलीवूडमध्ये १९३४ पासून हेज कोड (सिनेमात काय दाखवायचं याची नियमावली) कडकपणे लागू झाला, त्यात समलिंगी नातं दाखवायलाच बंदी. मग ते आडून यायचं, ते खलनायिकेच्या रूपात. बंदी सैल पडत गेली तेव्हा १९६१ च्या 'द चिल्ड्रन्स अवर'मध्ये शर्ली मॅक्लेनच्या पात्राने आपलं प्रेम कबूल केलं आणि लगेच गळफास घेतला. १९९१ मध्ये 'बेसिक इन्स्टिंक्ट'चं सॅन फ्रान्सिस्कोत चित्रीकरण चालू असताना तिथल्या समलिंगी कार्यकर्त्यांनी रस्त्यावर येऊन विरोध केला होता, कारण पुन्हा तेच: मुलींवर प्रेम करणारी म्हणजे खुनी. आमच्या निर्मात्यांनी तिथला थरारपट उचलला, त्याच्याबरोबर आलेला वाद वाचला नाही.

---

पश्चिमवारा

'गर्लफ्रेंड' आला त्याच २००४ मध्ये मल्याळममध्ये लिजी पुल्लापल्ली यांचा 'संचारम' आला. केरळच्या गावातल्या दोन मुली, किरण आणि डिलायला. लहानपणापासूनची मैत्री, मग प्रेम, मग एकीचं लग्न ठरवणं. मी तो खूप नंतर पाहिला आणि रडले, कारण त्यात तो बायोडेटावाला राहुल होता. त्या होस्टेलच्या खोलीत ती सीडी आली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

'बधाई दो'मधली (२०२२) सुमी आवडली. पीटी टीचर, घरच्यांना थोपवणारी, मधेच चिडणारी. आम्ही दोघींनी घर शोधताना ब्रोकरला 'मावसबहिणी' सांगितलं होतं, ते तिला बघून आठवलं. पण केदार यांचा मुद्दा बरोबर आहे, सुमी थरारपटात नाही. मला थरारपट आवडतात. मला माझ्यासारखी बाई थरारपटात हवी आहे, चुकणारी, खोटं बोलणारी, आणि शेवटी जिवंत राहणारी.

---

मृण्मयी_प

कात्री_आणि_पट्टी, 'कापून जोडायला चित्रीकरणच नसतं' हे मला शब्दांत सापडत नव्हतं.

मला वाटतं हा सिनेमा सपनाच्या बाजूने लिहायला हवा होता. त्या रात्रीनंतर सकाळी ती उठते, तान्या स्वयंपाकघरात चहा टाकते आहे, आणि आता काय बोलायचं हे सपनाला ठरवायचंय. ती काहीच बोलत नाही. दिवस जातात, ती बोलत नाही, आणि तान्या त्या न बोलण्यालाच होकार समजत जाते. मग राहुल येतो आणि सपना सुटकेचा श्वास टाकते, कारण आता उत्तर द्यायला नको. इथे तान्या घातक होईलही, पण सपनाही निर्दोष राहणार नाही, आणि तिच्या मनात त्या रात्रीबद्दल खरंच काही होतं का हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत तपासत बसावं लागेल.

नाट्यवेडा, नमाकडे या नजरेने बघता येईल का? ती मित्राच्या खोलीवर परत परत का जाते, यावर तेंडुलकरांनी किती लिहिलंय? माझ्याकडे पुस्तक नाही, तुमच्याकडे असेल तर ते प्रवेश बघून सांगा.

---

नाट्यवेडा

पुस्तक आहे. मात्र लक्षात घ्या, नमा आपल्याला बहुतेक बापूच्या नजरेतूनच दिसते आणि त्याला ती मुळात आवडत नाही. तेव्हा तिच्या बाजूचं फार हाती लागेल असं वाटत नाही. नमाचे प्रवेश परत वाचतो आणि रविवारी सविस्तर लिहितो.